एस वळण आणि पिवळा दिवा

एप्रिल २०१८च्या पहिल्या दहा दिवसांत तीन गोष्टी घडल्या. १ एप्रिलपासून नव्या मॉडेलच्या मोटारींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा, सक्तीची झाली. ६ एप्रिलला केंद्र सरकारने मोटारींची कमाल वेगमर्यादा वाढवली: द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, चौपदरी दुभाजकाच्या महामार्गावर १००. आणि १० एप्रिलच्या पहाटे, कर्नाटकातून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीकडे मजुरांना घेऊन निघालेला एक टेम्पो पुणे-सातारा महामार्गावरच्या खंबाटकी घाटाचा बोगदा ओलांडून खाली येताना एस आकाराच्या वळणावर कठड्याला धडकून उलटला. अठरा जण गेले.

तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या. पण शिरवळ-खंडाळ्याच्या माणसाने त्या एकाखाली एक ठेवून वाचल्या असत्या तर गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्याला तिथेच दिसला असता. रस्ता आधी वेगवान झाला, कायद्याने त्या वेगावर शिक्का मारला, आणि तो वेग पेलणारं यंत्र गाडीत यायला मात्र वेळ लागला. एबीएसच्या पुढचं ते यंत्र आलं तेव्हा सोबत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा घेऊन आलं. गाडीची मागची बाजू आणि तिच्या चाकांमागे नागमोडी दोन रेघा, असं त्याचं चित्र. खंबाटकीच्या वळणाचा नकाशा कुणीतरी मीटरमध्ये चिकटवावा तसं ते दिसतं. हा लेख त्या दिव्याचा आहे.

शिरवळ पहिल्यापासून वाटेवरचं गाव. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा मागे पडतो आणि सातारा सुरू होतो. १६४८मध्ये फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी इथल्या सुभानमंगळ गढीवरून चकमक झाली ती याच वाटेच्या ताब्यासाठी. गावातली जुनी दगडी पाणपोई आजही उभी आहे, म्हणजे वाटसरू इथे थांबत होते याचा पुरावा दगडातच आहे. पुढे खंडाळा, मग घाट, पलीकडे वेळे आणि सुरूर. गाडीवान, मग ट्रक, एसटी, अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी, सगळे याच क्रमाने गेले.

जुन्या काळातल्या घाटाची भीती वेगळी होती. चढताना रेडिएटर उकळायचा, बॉनेट उघडून गाडी थंड होईपर्यंत माणसं कडेला बसायची, ट्रकचा क्लीनर हातात दगड घेऊन चाकामागे चालायचा. उतरताना ब्रेक तापून सैल पडायचे, म्हणून ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा नियम प्रत्येक उस्ताद आपल्या शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगायचा. गाडी आडवी घसरण्याची, मागचं बूड फिरण्याची भीती मात्र त्या मानाने कमी होती. कारण साधं आहे: तेवढा वेगच नव्हता. अरुंद, दुतर्फा वाहतुकीच्या घाटात मालाने भरलेल्या ट्रकच्या मागे सरपटणारी गाडी घसरून घसरून किती घसरणार?

जानेवारी १९९९मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाची कोनशिला बसली आणि त्यात मुंबई-चेन्नई बाजूवरचा हा पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता आला. चौपदरीकरण झालं. खंबाटकीत बोगदा झाला आणि घाट दोन वाटांत विभागला गेला. पुण्याकडून साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी जुना घाट चढायचा, साताऱ्याकडून येणाऱ्यांनी बोगद्यातून यायचं. वेळेच्या बाजूने आत शिरलेली गाडी खंडाळ्याच्या बाजूला बाहेर पडते ती थेट उतरणीवर, आणि उतरणीवर ते एस वळण.

या वळणाचा दोष समजून घ्यायला अभियंता असावं लागत नाही. वेग ६०वरून ८०वर गेला तर वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर पावणेदोन पटींहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात उतरण, म्हणजे गाडीचं वजन पुढच्या चाकांवर ढकललेलं आणि मागची चाकं हलकी. चालक पहिल्या वळणावर ब्रेक दाबतो, मागची चाकं आणखी हलकी होतात. आणि गाडी पहिल्या वळणातून सावरते न सावरते तोच दुसरं वळण उलट्या दिशेला येतं. स्प्रिंगांवर एका अंगाला झुकलेलं सगळं वजन एका झटक्यात दुसऱ्या अंगाला फेकलं जातं. उंच गाडी असेल, टपावर माल असेल, टायर गुळगुळीत असतील, पहिला पाऊस पडून डांबरावरचं तेल वर आलेलं असेल, तर बाकी काही लागत नाही.

डावीकडे झटका, लगेच उजवीकडे झटका. जगात दुसऱ्या एका ठिकाणी ही हालचाल मुद्दाम करून पाहिली जात होती, आणि तिने मोटारींचा इतिहास बदलला.

स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क नावाचं मोठं हरीण आडवं येतं. ते चुकवायला चालकाला एकदम एका बाजूला वळवून लगेच परत आपल्या लेनमध्ये यावं लागतं. तिथली ‘टेक्निकेन्स व्हार्ल्ड’ ही मोटारींची पत्रिका प्रत्येक नव्या गाडीला याच परीक्षेला बसवायची. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी तिचे पत्रकार रॉबर्ट कॉलिन यांनी मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास या परीक्षेत घातली. ताशी साठेक किलोमीटरच्या वेगात ती लहानशी उंच गाडी उलटली. आत माणसं होती. गाडी बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता. कंपनीने आधी टायरवर ढकलून पाहिलं, मग नोव्हेंबरमध्ये गाडीची विक्री थांबवली आणि तिच्या प्रत्येक मॉडेलमध्ये ईएसपी बसवण्याचं जाहीर केलं. गाडी तोल सोडू लागली की स्वतःहून एकेका चाकाला ब्रेक लावणारी ही यंत्रणा तोवर फक्त श्रीमंतांच्या गाड्यांत होती. एका स्वीडिश पत्रकाराने ती मध्यमवर्गीयांच्या गाडीत आणली, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होत नाही.

यंत्रणेचा जन्म त्याआधीचा, आणि तोही घसरण्यातूनच झालेला. १९७८मध्ये बॉश कंपनीची एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली होती. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नव्हतं आणि स्टिअरिंग हातात राहत होतं. पण गाडी आडवी जाऊ लागली तर एबीएसला त्याचा पत्ता नसे. तिला फक्त चाकांचा वेग कळत होता, गाडीचं तोंड कुठे आहे हे कळत नव्हतं. १९८९च्या हिवाळ्यात मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेन्झचे तरुण अभियंते फ्रँक-वेर्नर मोन उत्तर स्वीडनच्या बर्फाळ रस्त्यावर चाचणी घेत होते. गाडी घसरून खड्ड्यात गेली. ओढायला गाडी येईपर्यंत बसून राहिलेल्या मोन यांच्या मनात आलं की एबीएसला गाडीच्या फिरण्याचं मोजमाप देता आलं तर? गाडी उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते हे मोजायला जायरोस्कोप हवा होता. पहिल्या प्रयोगात त्यांनी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधला जायरोस्कोप वापरला, असं ते सांगतात. बॉशमध्ये हॉलंडमधून आलेले अँटन व्हॅन झँटन आणि त्यांची माणसं याच प्रश्नामागे वर्षानुवर्षं होती. दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि १९९५मध्ये मर्सिडीजच्या एस ६०० कूपेमध्ये ईएसपी बाजारात आली. त्याच वर्षी टोयोटानेही जपानमध्ये आपली तशीच यंत्रणा आणली. व्हॅन झँटन यांना २०१६मध्ये युरोपीय संशोधक पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला. वाहनसुरक्षेत एवढं मोठं काम केलेल्या माणसाचं नाव आपल्याकडच्या मोटारवेड्यांनाही माहीत नसतं, हे थोडं खटकतं.

आणि १९९५ हेच साल पुण्याचंही आहे. त्याच वर्षी मर्सिडीजने पिंपरी-चिंचवडमध्ये टाटांच्या टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात केली. शिरवळहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर तो चांदणीचा शिक्का गाड्यांवर बसू लागला. पण ईएसपी जर्मनीत महागड्या कूपेमध्ये अवतरली होती आणि इथे जोडली जाणारी गाडी आधीच्या पिढीची होती. पुढची वीस वर्षं साधारण हीच रीत राहिली. गाडी तीच, नाव तेच, युरोपला जाताना यंत्रणेसकट आणि सातारा रस्त्यावर येताना यंत्रणेशिवाय.

ही यंत्रणा करते काय, हे एकदा नीट सांगितलं पाहिजे, कारण दिव्याचा अर्थ त्यातच आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. तो सांगतो, चालकाला कुठे जायचंय. चारही चाकांजवळ वेग मोजणारे सेन्सर असतात. गाडीच्या मध्यभागी कुठेतरी, बहुधा सीटखाली किंवा कन्सोलमध्ये, जायरोस्कोपचा आजचा नखाएवढा अवतार बसवलेला असतो. तो सांगतो, गाडी खरोखर कुठे चालली आहे. बॉशच्या हिशेबाने सेकंदाला पंचवीस वेळा या दोन उत्तरांचा ताळमेळ घातला जातो. चालकाला डावीकडे जायचंय आणि गाडी सरळच निघाली असेल, तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडीचं नाक आत ओढलं जातं. उलट मागचं बूड बाहेर फिरू लागलं असेल, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. त्याच वेळी इंजिनाचा जोर कमी केला जातो. चालकाने पाय काढला नसला तरी.

एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणं माणसाला शक्यच नाही, कारण पायाखाली पेडल एकच आहे. म्हणून हे यंत्र म्हणजे उस्तादाची नक्कल नाही, उस्तादाला जे कधीच जमणार नव्हतं ते करणारं साधन आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डेमलर-बेन्झच्या एका संचालकाला, ज्यांचा बर्फावर गाडी चालवण्याचा सराव बेताचाच होता, चाचणीची गाडी चालवायला दिली. यंत्रणेच्या जोरावर ते सराईत चाचणीचालकाच्या बरोबरीने गेले, यंत्रणा बंद केल्यावर लगेच रस्त्याबाहेर गेले. मंजुरी त्या फेरीत मिळाली.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००७मध्ये ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. त्यांच्या अंदाजानुसार एकट्या गाडीचे अपघात मोटारींत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींत ५९ टक्क्यांनी कमी होणार होते. उंच गाड्यांना फायदा जास्त, हे आकडेच सांगतात. युरोपात २०११पासून नव्या मॉडेलना आणि २०१४पासून सगळ्या नव्या मोटारींना ती लागू झाली. दिव्याचं चित्र आणि रंगही याच नियमांमुळे ठरले. नावं मात्र प्रत्येकाने आपली ठेवली: कुणाची ईएसपी, कुणाची ईएससी, टोयोटाची व्हीएससी, होंडाची व्हीएसए, बीएमडब्ल्यूची डीएससी. चित्र एकच, म्हणून आपण चित्रच वाचावं.

भारतात या गोष्टीला सुरुवात एका लाजिरवाण्या निकालाने झाली. ३१ जानेवारी २०१४ रोजी ग्लोबल एनकॅपने पाच लोकप्रिय मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातली एक पोलो, चाकणच्या कारखान्यात तयार होणारी. तोवर ‘किती देते?’ या प्रश्नापुढे न गेलेलं गिऱ्हाईक हळूहळू ‘किती तारे?’ विचारू लागलं. डिसेंबर २०१८मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२२मध्ये नव्या, कडक निकषांवर पहिले पाच तारे कुशाक आणि टायगून या चाकणच्याच दोन गाड्यांना मिळाले, आणि त्या निकषांत ईएससीचा हिशेब धरलेला होता. २२ ऑगस्ट २०२३ला भारत एनकॅप या आपल्या चाचणीयोजनेची घोषणा झाली, १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली आणि तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी असलीच पाहिजे, असा नियम आला. डिसेंबरमध्ये पहिले निकाल लागले ते पुण्यातच बनणाऱ्या हॅरियर आणि सफारीचे. चाकण, पिंपरी, रांजणगाव: खंबाटकीपासून दोन-तीन तासांच्या परिघात हे सगळं घडलं.

आता दिवा. तो तीन प्रकारे बोलतो आणि लोक तिन्हींची गल्लत करतात.

तो भराभर लुकलुकला आणि थांबला, तर काही बिघडलेलं नाही. यंत्रणेने आत्ताच तुम्हाला सावरलं. पावसात वळण घेताना, वाळू पसरलेल्या फाट्यावर, उसाच्या ट्रॅक्टरने चिखल आणून टाकलेल्या रस्त्यावर तो लुकलुकतो. ‘लाइट पेटली होती, चेक कर’ म्हणून लोक गाडी गॅरेजला नेतात आणि स्कॅनर लावून काहीच सापडत नाही. सापडणार कसं? दोष गाडीत नव्हता, वेगात होता. दुसरा प्रकार: चित्राखाली ‘ऑफ’ असं लिहिलेलं असेल तर कुणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केली आहे. चिखलात रुतलेली गाडी काढताना चाकं जरा फिरू द्यावी लागतात, म्हणून ते बटण दिलेलं असतं. महामार्गावर त्याचं काही काम नाही. आणि तिसरा: दिवा लागला आणि लागूनच राहिला, तर यंत्रणा स्वतः आजारी आहे. गाडी चालते, ब्रेक लागतात, पण वळणावर तुम्ही १९९५च्या आधीच्या काळात आहात.

या तिसऱ्या प्रकाराची कारणं बहुतेकदा क्षुल्लक असतात. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला किंवा त्याची वायर तुटलेली. पार्किंगमध्ये उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. बॅटरी कमजोर झालेली किंवा नुकतीच बदललेली. तशा वेळी काही गाड्यांत थोडं अंतर चालवलं आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं की दिवा आपोआप जातो. पंक्चरनंतर एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर बसवलेला, त्यामुळे ते चाक सारखं वेगळ्या वेगाने फिरतंय आणि संगणक गोंधळलाय. अलाइनमेंट करताना स्टिअरिंगचा मध्य सेन्सरला नव्याने शिकवलेलाच नाही. ब्रेक पेडलचा स्विच गेलेला. यातलं कुठलं आहे हे स्कॅनर लावूनच कळतं. कोड न वाचता दिवा ‘घालवून देणारा’ मिस्त्री दिवा घालवतो, दोष तसाच ठेवतो.

सोबत एबीएसचा दिवाही लागला असेल तर आश्चर्य नको, दोन्ही यंत्रणा तेच सेन्सर आणि तोच पंप वापरतात. पण त्या दोघांच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवा पेटला तर गाडी कडेला घ्या आणि पुढे नेऊ नका. तिथे प्रश्न घसरण्याचा उरत नाही, थांबण्याचा येतो.

यंत्रणा काय करू शकत नाही, हे शोरूमच्या पत्रकात छापलेलं नसतं. ती टायरची पकड वाढवत नाही, आहे तेवढी पकड चार चाकांत नीट वाटते. टायर गोटा झालेले असतील तर वाटायलाच काही उरत नाही. वेग वळणाच्या पलीकडचा असेल तर गाडी सरळ तोंडाने का होईना, बाहेरच जाते. खंबाटकीचं एस वळण ज्या वेगाला घ्यायचं आहे त्याच्या दीडपट वेगाने कुणी आलं, तर मर्सिडीज-बॉशची सारी बुद्धी त्याला कठड्यापर्यंत नीट पोचवेल, एवढंच.

म्हणूनच वळणावरचा खरा उपाय गाडीत नव्हता, डोंगरात होता. खंबाटकीला तीन-तीन पदरांचे दोन नवे बोगदे खोदायचं काम हाती घेण्यात आलं. डिसेंबर २०२२मध्ये नितीन गडकरी यांनी सांगितलेल्या माहितीनुसार प्रकल्पाची लांबी ६.४३ किलोमीटर आणि खर्च ९२६ कोटी रुपये. एस वळण टाळून सरळ जाता यावं, हा त्यामागचा एक हेतू. एप्रिल २०१८ची पहाट उगवण्याआधी अशी आखणी जमिनीवर उतरली असती तर, हा प्रश्न मनात येतोच. पहिला बोगदा आखताना उतरणीवरच्या त्या उलटसुलट वळणाचा धोका कागदावर दिसला नसेल, असं मानणं अवघड आहे. रस्ता बांधणाऱ्याने सोडलेली चूक गाडी बनवणाऱ्याच्या यंत्रावर ढकलता येत नाही, आणि टेम्पोत बसलेल्या मजुराच्या गळ्यात तर मुळीच नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट, कारण पुणे-सातारा पट्ट्यात सेकंडहँड गाड्यांचा बाजार मोठा आहे. चावी फिरवा किंवा बटण दाबा, पण इंजिन सुरू करू नका, आणि मीटरकडे बघा. ज्या गाडीत ही यंत्रणा आहे तिथे पिवळा दिवा आधी लागलाच पाहिजे आणि काही सेकंदांत, किंवा इंजिन सुरू झाल्यावर, विझला पाहिजे. विझला नाही तर खर्च निघेल, भावात धरा. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम काढून टाकलेला असू शकतो. सौदा तिथेच मोडा.